खारपाणात समुद्र

प्रिय गजा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, धड बोलणं झालं नाही. ‘रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी पाठवतो’ हे तुझं वाक्य तेवढं कानात राहिलं. पाठवू नको लेका. का नको ते या पत्रात सांगतो. घरी समुद्री मासे पाळायला खाऱ्या पाण्याच्या टाकीचं माझं आता पक्कं झालं आहे आणि दोन महिने झाले, रात्री जेवण झालं की मी तेच वाचत बसतो.

दहावीची सहल आठवते? तारापोरवाला मत्स्यालयात आपण दोघं एकाच काचेपुढे उभे राहिलो होतो, गुरुजींनी दंडाला धरून बाहेर काढेपर्यंत. ती काच माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलीच नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, “काऊन रे बाप्पा, आपल्या हिरीत खारं पानी कमी हाय काय?” तिचं काय चुकलं? आपला हा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं; तिचं सारं आयुष्य गोड्या पाण्यासाठी हंड्यावर हंडे वाहण्यात गेलं. तिच्याच घरात मी पैसे देऊन मीठ आणणार आणि चांगल्या पाण्यात कालवणार. आपल्या दर्यापूर तालुक्याच्या नावात दर्या असला म्हणून काय झालं! मी तिला समजावलं, की विहिरीचं खारेपण वेगळं आणि समुद्राचं वेगळं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड सर्वांत जास्त, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, आणि या क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ कुठल्याही समुद्रात सारखंच. आपल्या विहिरीत ते प्रमाण नाही. लोणारचं पाणीही खारंच आहे ना, पण ते सोड्याचं. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, १० च्या घरात जातो, समुद्राचा ८.१ च्या आसपास. म्हणून घरचं मीठ चालत नाही आणि विहीरही चालत नाही. नळाचं पाणी आरओमधून काढायचं, पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या नळीतून न्यायचं, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आला की त्यात मत्स्यालयासाठीच मिळणारं समुद्री मीठ विरघळवायचं. आरओचं वाया जाणारं पाणी भांडी घासायला आणि सडा टाकायला ठेवणार आहे. आपल्याकडे ते मोरीत सोडून देणं मनाला पटत नाही.

गेल्या रविवारी एक बादली करून पाहिली. मीठ टाकलं की पाणी आधी दुधासारखं गढूळ होतं. छोटा पंप रात्रभर फिरत ठेवला, सकाळी बादलीचा तळ लख्ख दिसत होता. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकला, झाकण लावलं आणि उजेडाकडे धरून डोळा लावला. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्हींची सीमा बरोबर ३५ वर. लय बरं वाटलं. आईनं बोट बुडवून जिभेवर टेकवलं, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली, “हे तं आपल्या हिरीपक्षाही खारं हाय.” मग स्वतःच विचारलं, की एवढ्या खाऱ्यात मासा कसा जगत असंल.

आता तुझ्या कॅनचं. पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याजवळचं पाणी फिकं झालेलं असतं, गाळही असतो. त्यातले सूक्ष्म जीव इथवर येईपर्यंत बंद कॅनमध्ये मरतील आणि पाणी कुजवतील. शिवाय दर महिन्याला काही पाणी बदलावं लागतं, तेव्हा तू किती कॅन पाठवशील?

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर. पाणी, दगड, वाळू, काच मिळून अडीच क्विंटलच्या वर वजन, म्हणून सुताराकडून सागवानी घडवंची करून घेतो आहे. जागा माजघरात, जुन्या मातीच्या भिंतीला लागून. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना घरात थंड राहणारी जागा ती एकच. पाणी २५-२६ अंशांवर राहिलं पाहिजे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन धापा टाकतात. पण यात आपलं एक भाग्य आहे. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी ठण्ण. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी उडून टाकी दोन-तीन अंशांनी उतरते, माठाचंच तत्त्व. तुझ्या रत्नागिरीच्या दमट हवेत तो पंखा एवढं काम करणार नाही. फक्त उडतं ते निव्वळ पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं पाणी घालत गेलं तर खारेपणा वाढतच जाईल. थंडीत उलट हीटर लागेल. आणि लाइट गेली तर पंपासाठी इन्व्हर्टर, त्यावर तडजोड नाही.

हे सगळं पैशाने होतं रे. पैशाने न होणारी गोष्ट म्हणजे थांबणं, आणि मी हे पत्र खरं तर त्यासाठी लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी मी गोड्या पाण्याची टाकी आणली होती, तुला सांगितलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, आज पाणी भरा, उद्या मासे सोडा. सहा गोल्डफिश सोडले. आठ दिवसांत सहाही गेले. शेवटचा कोपऱ्यात कल्ले फडफडवत पडून होता, कल्ल्यांच्या कडा लाल झालेल्या. मी पाणी बदलत राहिलो, काय होतंय तेच कळेना. आता कळतं. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, बंद गोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबतो तोच. नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू नसतात. वावरात युरिया टाकतो तेव्हा मातीतले जिवाणू हेच काम करतात: अमोनियाचा नायट्राइट, नायट्राइटचा नायट्रेट, आणि मग कपाशी ते घेते. टाकीत त्यांना दगडाच्या छिद्राछिद्रांत आणि वाळूत वस्ती करावी लागते, त्याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर एकही मासा नाही. अमोनिया थेंबाथेंबाने घालायचा आणि दर दोन दिवसांनी परीक्षानळीतला रंग पाहायचा. अमोनिया वर चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतो. दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. कच्चं शेणखत टाकून लगेच पेरणी करत नाहीत हे ज्याला कळतं, त्याला हे अवघड जाऊ नये.

दसऱ्याला पाणी भरणार आहे. पहिले मासे दोनच, ओसेलारिस क्लाऊनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. तेही हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जन्मलेलेच घेणार. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, मग समुद्रातून पकडून आणलेला मासा कशाला? टाकीतलं खाणं खायची त्यांना सवय असते आणि समुद्रात ज्याच्या आडोशाला ते राहतात त्या सी ॲनिमोन नावाच्या प्राण्याशिवायही ते मजेत राहतात. प्रवाळ ठेवणार नाही, समुद्री घोडाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मी आणले नसते. दगडही सिरॅमिकचे सच्छिद्र घेतो आहे, प्रवाळाचे नाहीत.

तुला काही पाठवायचंच असेल तर एक काम कर. ओहोटीला कातळावर जी डबकी राहतात, त्यातल्या एकापाशी तासभर बस. पाणी हाताला किती कोमट लागतं, शेवाळ दगडाच्या कोणत्या अंगाला आहे, लहान मासे कुठे लपतात, सगळं लिही. मला दगड रचायचे आहेत आणि मी समुद्र एकदाच पाहिला आहे, तोही सहलीच्या बसच्या खिडकीतून.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. दिवाळीत येशील तेव्हा टाकीत नुसते दगड दिसतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
रव्या