दोन दारांची गाडी घेतली आहे

स्टुटगार्ट

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. फोनवर सांगितले असते तर आई "बरं, तुझी इच्छा" म्हणून गप्प झाली असती आणि बाबांनी फोन ठेवताच कागद घेऊन हिशेब मांडला असता, म्हणून सगळे नीट लिहूनच कळवते आहे. मी गाडी घेतली. मर्सिडीजची ई-क्लास कूपे, म्हणजे दोन दारांची, ई २२० डी. नवी नाही, एकाच मालकाने वापरलेली. पैसे देऊन झाले आहेत, गाडी माझ्या नावावर झाली आहे, तेव्हा घ्यावी की घेऊ नये हा प्रश्न आता राहिलेला नाही. ती का घेतली आणि चालवताना कशी वाटते, एवढेच सांगायचे आहे.

एकटीला एवढी गाडी कशाला, असे तुम्ही म्हणाल. इथली ट्राम आणि रेल्वे किती सोयीची आहे हे मीच तुम्हाला इतकी वर्षे सांगत आले, तेही खरे. पण ऑफिस आता शहराबाहेर गेले आहे आणि संध्याकाळी उशीर झाला की दोनदा गाडी बदलत घरी यावे लागते. शिवाय २०२३ मध्ये कंपनीने ही कूपे बंद करून तिच्या जागी सीएलई नावाची गाडी आणली. त्या नव्या गाडीपेक्षा ही पुष्कळ स्वस्त पडली. डिझेलची का, हे बाबा विचारणारच. स्टुटगार्टमध्ये २०१९ मध्ये युरो ४ आणि त्याआधीच्या, म्हणजे धुराचे जुने नियम पाळणाऱ्या डिझेल गाड्यांना बंदी आली, पण ही युरो ६ मधली आहे, त्यामुळे तिला अडचण नाही. ही सगळी कारणे खरी आहेत. तरी साधी चार दारांची गाडी याहून कमी पैशांत आली असती हेही खरे आहे, आणि मला हीच आवडली, हे तुमच्यापासून लपवत नाही.

बाबा, आवड लागली ती तुमच्यामुळेच. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोत मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ही गाडी जोडायला लागले, तेव्हा तुम्ही रोज रात्री जेवताना तिच्या दाराच्या रबराबद्दल बोलत असायचात आणि आई म्हणायची, आधी भात संपवा. त्याच डब्ल्यू १२४ ची दोन दारांची कूपे इथे १९८७ मध्ये आली होती आणि तिला दोन काचांच्या मधला खांब नव्हता. माझ्या गाडीलाही तो नाही. चारही काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत सगळी बाजू मोकळी होते. दाराच्या काचेला वरून चौकट नाही. हँडल ओढले की काच आधी थोडी खाली सरकते आणि दार लागले की पुन्हा वर जाऊन रबरात घट्ट बसते. तुम्ही आलात की दहा वेळा दार उघडून आणि लावून बघणार, हे मला आत्ताच माहीत आहे.

आता चालवण्याबद्दल. इंजिन दोन लिटरचे, १९४ अश्वशक्तीचे, ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि पिस्टन मात्र पोलादाचे. सकाळी गार असताना सुरू केले की डिझेलची बारीक टकटक ऐकू येते, पण पहिला किलोमीटर संपेपर्यंत ती विरून जाते. कागदावर शून्यापासून शंभरचा वेग गाठायला ७.४ सेकंद लागतात, म्हणजे ही शर्यतीची गाडी नव्हे. तिचा खरा गुण ४०० न्यूटन मीटरच्या टॉर्कमध्ये, म्हणजे ओढण्याच्या ताकदीत आहे. स्टुटगार्टहून उल्मला जाताना ए ८ महामार्गावर मोठा चढ लागतो. आपल्या खंबाटकीत जसे साताऱ्याला जाताना घाट चढावा लागायचा आणि येताना बोगद्यातून यावे लागायचे, तसेच इथेही जायचा आणि यायचा रस्ता डोंगराच्या वेगवेगळ्या बाजूंनी आहे. त्या चढावर ट्रकच्या मागे अडकल्यावर वाट मोकळी झाली की पाय थोडासा दाबावा लागतो, नऊ गिअरांचा ऑटोमॅटिक आपणहून दोन गिअर खाली येतो आणि गाडी कसलाही आरडाओरडा न करता वर निघून जाते. सपाटीला लागल्यावर ताशी १२० ला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा दीड हजाराच्या आसपास असतो आणि आत बोलताना आवाज चढवावा लागत नाही. वेग १४० च्या पुढे गेला की त्या चौकट नसलेल्या काचांपाशी वारा कुजबुजायला लागतो, पण मी सहसा तितका वेग घेत नाही. ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नसली, तरी १३० चा वेग सुचवलेला आहे आणि मी तो पाळते. आई, हे वाक्य पुन्हा वाच.

वळणांसाठी तिला ब्लॅक फॉरेस्टमध्ये नेले होते. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा बी ५०० हा रस्ता देवदारासारख्या उंच झाडांतून साधारण हजार मीटरपर्यंत चढतो आणि वर मुमेलझे नावाचे लहानसे तळे आहे. तिथे गाडीचा स्वभाव नीट कळला. वजन पावणेदोन टनांच्या घरात असूनही ती वळणात कलत नाही, कारण चेसिस चार दारांच्या गाडीपेक्षा १५ मिलिमीटर खाली आहे. मात्र पुढची चाके रस्त्यावर काय करत आहेत हे स्टिअरिंगमधून हाताला फारसे कळत नाही. स्पोर्ट मोड लावून पाहिला तर इंजिन उगाच गिअर धरून ठेवते आणि त्याचा आवाज खरखरीत होतो. त्यामुळे मी तिला कम्फर्टमध्येच ठेवते आणि ती तशीच शोभते. एक तक्रार आहे. १९ इंची चाकांवर जुन्या गावांतल्या दगडी फरशीवरून गेले की खालून धडधड जाणवते. हिवाळी टायर १७ इंची चाकांवर आहेत, त्यांवर ती जास्त मऊ चालेल.

गिअरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, इतर गाड्यांत वायपरची दांडी असते तिथे आहे. पहिल्या आठवड्यात पाऊस आला की माझा हात तिकडेच जायचा. मला आपली फियाट आठवली, तिचा गिअरही स्टिअरिंगपाशीच होता आणि बाबांच्या हातावर हात ठेवून मी तो टाकायचे. खंबाटकीच्या दुसऱ्या वळणापर्यंत आईचा चेहरा पांढरा पडायचा आणि मी तिच्या पर्समधली आल्याची वडी तिला काढून द्यायचे, आणि एक स्वतःच्या तोंडात टाकायचे.

म्हणूनच आई, तुझी जागा ठरलेली आहे. तुला गाडी लागते, तेव्हा तू पुढे बसायचेस. बैठक खाली आहे, हे खरे. आधी सीटच्या कडेला टेकायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, म्हणजे गुडघ्यावर ताण येत नाही. दार लांब आणि जड आहे, ते मीच उघडेन आणि मीच लावेन. तुझ्या आखडलेल्या खांद्यासाठी या गाडीत एक फार चांगली गोष्ट आहे: दार लावले की मागून एक छोटा हात पुढे सरकतो आणि सीट बेल्ट थेट खांद्याशी आणून देतो, मागे वळून चाचपावे लागत नाही. सीट गरम होते, त्यामुळे कमरेला शेक मिळेल.

बाबांची जागा मात्र अवघड आहे. मागे दोनच जण बसतात. पुढची सीट सरकते आणि वाट होते, पण वाकून आत शिरावे लागते. मी स्वतः मागे बसून पाहिले, गुडघ्यांना जागा आहे, डोके मात्र छताच्या जवळ येते आणि बाबा माझ्यापेक्षा उंच आहेत. तेव्हा असे ठरवले आहे की गावातल्या गावात एकेक जण माझ्याबरोबर पुढे बसेल आणि तिघांनी मिळून लांब जायचे असेल त्या दिवशी मी चार दारांची गाडी भाड्याने घेईन. त्याचे पैसे मोजत बसू नका. डिकी ४२५ लिटरची आहे, दोन मोठ्या बॅगा सहज बसतात. तिसरी लोणच्यांची आणू नका.

आणखी एक. गाडी घेतली म्हणजे हिने आता इथेच घर केले, असा अर्थ काढू नका. नोकरीचा करार मी पुढे वाढवला आहे, हे खरे आहे आणि ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावे असे मला वाटत होते. स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्यामुळे ही गाडी पुण्याला आणण्याचा प्रश्नच नाही. यायची वेळ येईल तेव्हा ती इथे विकून येईन. ती वेळ अजून ठरलेली नाही, एवढेच. दिवाळीला मी येते आहे, त्यात बदल नाही.

बाबा, या गाडीत पुढची गाडी अचानक थांबली तर ती आधी सावध करते आणि मग स्वतःच ब्रेक लावते, आणि आरशात न दिसणारी गाडी बाजूला आली की आरशावर लाल दिवा लागतो. तुमच्या गाडीत यातले काही नाही. मोतीबिंदूनंतर समोरच्या दिव्यांचा त्रास होतो असे तुम्हीच म्हणाला होतात, तरी मागच्या महिन्यात रात्री साताऱ्याहून एकटे परत आलात, हे मला ताईकडून कळले. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या आणि तारीख मला कळवा. आईने खांद्याचे व्यायाम सकाळी गरम पाण्याचा शेक घेतल्यावरच करावेत, आधी नव्हे. व्हिसासाठी प्रवास विमा लागेल, तो मी इथून काढते, तुम्ही एजंटकडे जाऊ नका. पासपोर्टच्या दोन्ही प्रती मात्र ताईकडून लगेच स्कॅन करून पाठवा.

तुमची,
धाकटी