मंत्रीमहोदय, मुलांना त्या जुन्या वास्तूतून हलवा, निदान झोपायला तरी

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

ऐतिहासिक इमारतींमधली शाळांची हॉस्टेल्स नव्या इमारतीत हलवायची की नाही यावर जो वाद चाललाय त्यात सगळ्यात चढा आवाज आम्हा माजी विद्यार्थ्यांचा असतो, आणि तो बहुतेक वेळा "हलवू नका" असाच असतो. मीही माजी विद्यार्थीच. सहा वर्षं अशाच एका शंभरी उलटलेल्या इमारतीत काढली, तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, उंच छत, खिडकीच्या चौकटीवर आमच्या आधीच्या पोरांनी कोरलेली नावं. त्या वास्तूवर माझा जीव आहे. तरी सांगतो, हलवा. फक्त मुलं हलवा आणि वास्तू वाऱ्यावर सोडू नका.

माझं मत बदललं ते एका रात्रीमुळे. आठवीत होतो. तळमजल्यावर जुन्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झालं, आग भडकली नाही, नुसता धूर झाला, पण तो जिन्यातून सरळ वर चढला आणि आम्ही चाळीस पोरं अंधारात चाचपडत मागच्या जिन्याकडे गेलो तर त्या दाराला कुलूप. चावी वॉर्डनकडे, वॉर्डन खाली. कुणाला काही झालं नाही म्हणून ती गोष्ट तिथेच मिटली. आता माझा मुलगा हॉस्टेलला आहे आणि ते दार मला रोज आठवतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिवसा वापरायची इमारत आणि रात्री झोपायची इमारत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसा वर्गात धूर आला तर मुलं जागी असतात, शिक्षक समोर असतो, मिनिटभरात वर्ग रिकामा होतो. रात्री तेच मूल गाढ झोपेत असतं आणि मुलांची झोप मोठ्यांसारखी नसते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये याची चाचणी केली होती, धुराचा नेहमीचा कर्कश अलार्म वाजत राहिला आणि बहुतेक मुलं उठलीच नाहीत, त्यापेक्षा खालच्या पट्टीतला आवाज आणि जोडीला माणसाच्या आवाजात दिलेली सूचना जास्त उपयोगी पडली. म्हणजे अलार्म बसवला की काम झालं असं नाही, मुलांना उठवून बाहेर काढायला वेळ लागतो आणि तो वेळ इमारतीने द्यायला हवा.

जुनी वास्तू तो वेळ देऊ शकत नाही, यात तिचा दोष नाही, ती बांधली त्या काळात हा विचारच नव्हता. लाकडी तक्तपोशी आणि छताच्या मधल्या पोकळीत आग कुणाला न दिसता सरकत जाते, उघडा जिना धुराला वर ओढतो. दुसरा जिना काढायचा तर मूळ भिंत फोडावी लागते, ते हेरिटेजच्या नियमात सहजासहजी बसत नाही, आणि बसू पण नये. लिफ्टचंही तेच, म्हणजे व्हीलचेअरवरच्या मुलाला तिथे राहताच येत नाही. ओल तर आहेच. आणि बारकी गोष्ट वाटेल पण लिहितो, संडास लांब कॉरिडॉरच्या टोकाला असले की लहान मुलं रात्री भीतीने जातच नाहीत, दाबून धरतात.

पण नवी इमारत म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही हो. 2023 मध्ये गयानातल्या महदियाच्या मुलींच्या हॉस्टेलला आग लागली, 20 मुलं गेली, ती काही हेरिटेज वास्तू नव्हती, दाराला कुलूप होतं आणि खिडक्यांना गज होते. तुर्कस्तानात अलादाला 2016 मध्ये मुलींच्या हॉस्टेलमध्ये 12 जणी गेल्या, तिथेही बाहेर पडायचं दार बंद असल्याचं समोर आलं. केनियात 2024 मध्ये एका प्राथमिक शाळेच्या डॉर्मिटरीत 21 मुलं गेली, एका छताखाली दीडशेच्या वर मुलं झोपत होती. तेव्हा नव्या जागी आतून चावीशिवाय उघडणारी दारं, दोन टोकांना दोन जिने आणि त्याच मजल्यावर झोपणारा वॉर्डन एवढं नसेल तर शिफ्ट करून फक्त रंग नवा मिळेल.

आणि कृपा करून सिंगल रूम्सची लांबच लांब रांग बांधू नका. अभ्यासाला बरी पडते, पण पहिल्या वर्षी घरची आठवण काढून रडणारं पोर बंद दाराआड एकटंच रडत बसतं आणि कुणाला कळत नाही. आमच्या त्या गळक्या हॉलमध्ये एक चांगलं होतं, शेजारच्या कॉटवरचा मुलगा हुंदका ऐकून उठायचा. चार-पाच मुलांची खोली, मजल्यावर एक बसायची जागा, एवढं पुरे. नकाशा मंजूर करायच्या आधी तिथे राहणाऱ्या मुलांना एकदा विचारा, त्यांना कोणता कोपरा रात्री भीतीदायक वाटतो ते आर्किटेक्टपेक्षा जास्त माहीत असतं.

जुन्या इमारतीत लायब्ररी न्या, संगीताचे वर्ग न्या, शाळेची जुनी कागदपत्रं ठेवा. ती रिकामी ठेवलीत तर कुठून पाणी गळतंय ते वर्षभर कुणाला दिसणार नाही आणि मग पाडायला कारण मिळेल, माजी विद्यार्थ्यांना खरी भीती याचीच आहे. दुरुस्तीचं बजेट हॉस्टेलच्या बजेटपासून वेगळं ठेवून तसं लेखी द्या, निम्मा विरोध तिथेच संपेल.

शिफ्टिंग मोठ्या सुट्टीत करा, परीक्षांच्या तोंडावर नको, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरची मुलं आधी हलवा. फाइलला वेळ लागणार हे मला कळतं. तोवर एक आदेश काढा, रात्री मुलं झोपलेली असताना कुठल्याही हॉस्टेलच्या मागच्या जिन्याला कुलूप असता कामा नये. त्याला ना टेंडर लागतं ना आर्किटेक्ट.

आपला,
एक माजी विद्यार्थी आणि आता पालक