एकच फाईल, तीन कॉम्प्युटर, तीन वेगळे हिशोब : ऑफिस सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

सोलापूर
दिनांक : 8 डिसेंबर 2025

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख यांस,

विषय : विंडोज, मॅक आणि लिनक्सवर ‘सारखेच चालते’ असे सांगून विकलेल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तारखा, मराठी मजकूर आणि मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) यांत पडणाऱ्या फरकाबाबत.

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना आहे. माग माझे पती आणि दीर बघतात. बिले, पत्रव्यवहार, बँक, जीएसटी आणि कामगारांची हजेरी माझ्याकडे असते. तुमच्या ऑफिस सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना आम्ही तीन कॉम्प्युटरसाठी घेतला. त्यातल्या अडचणी तुमच्या माणसांना फोनवर आणि चॅटवर सांगून झाल्या. दर वेळी उत्तर एकच : “मॅडम, हा तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न आहे, जमल्यास विंडोजवरच काम करा.” हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून लेखी तक्रार करत आहे.

आमच्याकडे तीन सिस्टीम का आहेत, ते आधी सांगते, कारण तुमच्या माणसांना तेच विचित्र वाटले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 आहे. चादरीची डिझाईन करणारा माझा पुतण्या मॅकवर काम करतो, त्याचे शिक्षणच त्यावर झाले. गोडाऊनमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर विंडोज 10 होते, पण त्याची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली. त्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नाही, त्यामुळे विंडोज 11 घालता येत नाही. चांगले चालणारे मशीन भंगारात कशाला घालायचे, म्हणून आम्ही त्यावर लिनक्स टाकले. असे करणारे आम्ही एकटे नाही, एमआयडीसीत इतरांनीही तेच केले आहे. तुमच्या जाहिरातीतले ‘एकच परवाना, तिन्ही सिस्टीम, तीच फाईल’ हे वाक्य आमच्यासारख्यांसाठीच होते आणि ते वाचूनच आम्ही पैसे भरले.

सगळ्यात मोठे नुकसान तारखांनी केले, म्हणून ते सविस्तर लिहिते.

पुतण्याकडे मॅकवर पार्टीवार बिलांची एक जुनी शीट होती. त्यातल्या ओळी कॉपी करून मी ऑफिसच्या नव्या उधारीच्या शीटमध्ये पेस्ट केल्या. जुन्या शीटमध्ये 10 सप्टेंबर 2025 असलेली बिलाची तारीख नव्या शीटमध्ये 9 सप्टेंबर 2021 झाली. सगळ्याच तारखा अशाच चार वर्षे आणि एक दिवस मागे गेल्या. कसली सूचना नाही, लाल खूण नाही, काही नाही. त्या शीटवरून थकबाकीची पत्रे आपोआप तयार होतात. त्यातले एक कलबुर्गीच्या व्यापाऱ्याला गेले. ते माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमचा माल घेतात. त्यांचा फोन आला, “वैनी, चार वर्षांची बाकी? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” त्यांना समजावायला माझ्या पतींना समक्ष जावे लागले. पेमेंट आले, पण त्या माणसाच्या मनाला जे लागले ते काही बिलाने भरून निघणारे नाही.

यामागचे कारण आमच्या सीएच्या ऑफिसातल्या मुलाने शोधून दिले. स्प्रेडशीटमध्ये तारीख ही खरे तर एक आकडा असते, एका ठरलेल्या दिवसापासून मोजलेला. विंडोजकडे ही मोजणी 1900 पासून धरायची पद्धत आहे, जुन्या मॅककडे 1904 पासून. दोन्हींत 1,462 दिवसांचा फरक पडतो. ही गोष्ट तुमच्या क्षेत्रातल्या माणसांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. कोणती पद्धत वापरली, याची नोंद फाईलमध्येच असते. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरला पेस्ट करतानाच कळू शकते की इकडची मोजणी वेगळी आहे, तिकडची वेगळी. आकडा बदलून घेणे त्याला जमत नसेल, तर निदान थांबून विचारता तरी येते. ते न विचारता चुकीची तारीख छापून मोकळे होते, यात आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा काय संबंध?

दुसरी अडचण मराठीची. तुमच्या खोक्यावर ‘भारतीय भाषांना पूर्ण पाठिंबा’ असे छापले आहे.

आमच्या मालाच्या यादीत ‘पांढऱ्या किनारीची चादर’ असा एक प्रकार आहे. गोडाऊनमधला मुलगा आवक लिनक्सवर नोंदवतो, मी विंडोजवर बिल करते. बिलाच्या शीटमध्ये त्या चादरीचा साठा शून्य दिसत होता आणि गोडाऊनमध्ये तर गठ्ठे रचलेले. दोन्हीकडे नाव डोळ्याला हुबेहूब सारखे. खोलात गेल्यावर कळले की ‘पांढऱ्या’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरे साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो. एकात साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह असते, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. कुठल्या कीबोर्डवर टाइप केले त्यावर ते ठरते. दोन्ही बरोबर आहेत आणि कागदावर दोन्ही एकसारखे उमटतात. पण तुमचे सॉफ्टवेअर शोधताना आणि जुळवताना त्यांना दोन वेगळे शब्द समजते. पांढऱ्या, दुसऱ्या, किनाऱ्या, व्यापाऱ्यांना, कर्मचाऱ्यांची : मराठीत हा र पावलोपावली येतो. मराठी विकायला निघालेल्या सॉफ्टवेअरने हे तपासलेलेच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

तेच पीडीएफच्या बाबतीत. ‘दुसऱ्या पाळीच्या कामगारांसाठी’ अशी सूचना मी विंडोजवर लिहिली, पुतण्याने मॅकवरून तिची पीडीएफ काढली, तर त्यात ‘दुसर्या’ असे रफार देऊन छापून आले. ती सूचना कारखान्याच्या दारावर लागली. आमचे निम्मे कामगार घरी तेलुगू बोलतात, मराठी शाळेत शिकलेली आहे. त्यांच्यासमोर अशुद्ध मराठी लावायची आम्हाला लाज वाटते. शिवाय माझ्याकडचा फॉन्ट गोडाऊनच्या मशीनवर नसला की सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट घालते, ओळी लांबतात आणि सही-शिक्क्याची जागा पुढच्या पानावर जाते. फॉन्ट नसणे मी समजू शकते. पण ‘हा फॉन्ट इथे नाही, बदली फॉन्ट वापरला आहे’ एवढे एक वाक्य दाखवायला काय हरकत आहे? आणि फॉन्ट फाईलमध्येच बांधून पाठवायची सोय तुमच्या विंडोजच्या आवृत्तीत आहे, मॅक आणि लिनक्सच्या आवृत्तीत ती सापडत नाही.

बाकीचे थोडक्यात. गेटपासचा मॅक्रो लिनक्सवर चालत नाही, कारण त्यात फाईलचा पत्ता ‘सी ड्राइव्ह’ने सुरू होतो, जी लिनक्सवर नसते, आणि लिनक्स फाईलच्या नावातली मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे वेगळी धरते. हा मॅक्रो मी लिहिलेला नाही, तुमच्याच नमुन्यांच्या संग्रहातून घेतला आहे. कोटेशनमधली 12,45,600 ही रक्कम मॅकवर उघडली की 1,245,600 दिसते. बँकेत लाखांची स्वल्पविरामे चुकलेला कागद दिला की साहेब आधी आकडेच पुन्हा मोजायला लावतात. आणि नोंदी ठेवायचा डेटाबेसचा भाग मॅकवर मुळीच नाही, हे पैसे भरल्यावर कळले. मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेससुद्धा मॅकवर नाही, पण ते विंडोजपुरतेच आहे हे आधीपासून सांगितलेले असते. तुम्ही मात्र तिन्हींसाठी एकाच किमतीचा परवाना विकता.

माझी अपेक्षा नेमकी काय आहे, तेही स्पष्ट करते, कारण “तिन्हीकडे सगळे एकसारखे असूच शकत नाही” असे मला ऐकवले गेले. सगळे एकसारखे असावे असे मी म्हटलेलेच नाही. उलट ज्या मशीनवर बसलो, त्या मशीनच्या सवयीप्रमाणेच सॉफ्टवेअर वागले पाहिजे. मॅकवाल्याची बोटे कमांड बटणावर जातात, तिथे त्याला कंट्रोल दाबायला लावू नका. तुमच्या काही मेन्यूंत तसे होते आणि पुतण्या रोज वैतागतो. मेन्यू वर असो नाहीतर खिडकीत, फाईल उघडायची चौकट त्या त्या सिस्टीमची असो, अक्षरांची धार थोडी वेगळी दिसो, त्याने माझे काही बिघडत नाही. पण फाईलच्या आत जे आहे ते, म्हणजे तारीख, रक्कम, नाव, बेरीज, पान कुठे संपते, हे कुठल्याही मशीनवर हलता कामा नये. आम्ही 30 बाय 60 इंचाचा टॉवेल विकतो, तो सोलापुरात मोजा नाहीतर हैदराबादेत, तेवढाच भरला पाहिजे. तुमच्या मालाकडूनही मी तेवढेच मागते आहे.

आणि हे मागणे अवास्तव नाही. ऑफिसच्या फाईलींसाठी उघडी मानके, म्हणजे कुणालाही वापरता येतील असे जाहीर नियम, ठरून बराच काळ लोटला. ओडीएफ हा फाईलचा प्रकार 2006 मध्ये आयएसओ या जागतिक मानक संस्थेचे मानक झाला, ओओएक्सएमएल हा दुसरा प्रकार 2008 मध्ये. ई-गव्हर्नन्ससाठी उघडी मानके वापरायचे धोरण भारत सरकारने 2010 मध्ये जाहीर केले. लिब्रेऑफिस फुकट मिळते आणि तिन्ही सिस्टीमवर चालते. त्यातही उणिवा असतील, पण त्याचे कुणी पैसे घेत नाही आणि चुका कुणीही नोंदवू शकतो, त्या सगळ्यांना दिसतात. तुमच्या चुकांची यादी मात्र ग्राहकाला बघायलाच मिळत नाही. मी कळवलेल्या अडचणी तुमच्याकडे नोंदल्या गेल्या की चॅट बंद होताच गेल्या, हेही मला ठाऊक नाही.

‘विंडोजवरच काम करा’ या सल्ल्याचा खर्चही तुम्ही बघितलेला नाही. तो मानायचा तर मला गोडाऊनसाठी नवा कॉम्प्युटर घ्यावा लागेल आणि पुतण्याने डिझाईन सोडून विंडोजवर येऊन टाइप करावे लागेल. तसेच करायचे असते तर तीन सिस्टीमचा परवाना आम्ही घेतलाच नसता. सध्या मी प्रत्येक शीट तिन्ही मशीनवर उघडून तारखा आणि साठा हाताने ताडून बघते. जीएसटीआर-1, म्हणजे जीएसटीचा विक्रीचा तपशील, दर महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायचा असतो, त्याच्या आदल्या रात्री हे काम उरकेपर्यंत घरी जायला उशीर होतो.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. तारखांची चूक तातडीने दुरुस्त करा, आणि तोपर्यंत दोन वेगळ्या मोजणीच्या शीटमध्ये कॉपी होताना ठळक सूचना द्या. शोध आणि जुळवणीत अर्ध्या र ची दोन्ही रूपे एक धरा, आणि मॅकवरची पीडीएफ सुधारा. कुठली सोय कुठल्या सिस्टीमवर नाही, याचा तक्ता मराठीसह सगळ्या भाषांत, पैसे भरण्याच्या पानावरच, वाचता येईल अशा अक्षरांत द्या. आमच्या मॅकच्या परवान्याचे पैसे परत करा, कारण डेटाबेसचा भाग आम्हाला तिथेच हवा होता आणि तो त्यात नाही. तुमच्या तपासणाऱ्या मंडळींत मराठीत रोज काम करणारे कुणी नसेल, तर ते नेमा. सोलापूरच्या विद्यापीठातून आणि इथल्या कॉलेजांतून कॉम्प्युटर शिकून दर वर्षी मुले बाहेर पडतात आणि पुण्याला कामाच्या शोधात जातात. हे काम त्यांना उत्तम जमेल.

सोबत पेनड्राइव्हमध्ये मूळ शीट, तारखा बिघडलेली शीट, ‘पांढऱ्या’ दोन्ही प्रकारे लिहिलेली मालाची यादी, सूचनेची पीडीएफ आणि तिन्ही मशीनवरचे स्क्रीनशॉट दिले आहेत. व्यापाऱ्यांची नावे आणि रकमा काढून टाकल्या आहेत, बाकी काही बदललेले नाही. तुमच्या चॅटच्या प्रतीही जोडल्या आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तर देणाऱ्याने आधी त्या फाईली तिन्ही सिस्टीमवर स्वतः उघडून बघाव्यात, ही विनंती. मुदतीत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या तरतुदीखाली मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवेन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कारखाना आम्ही घरच्यांनी मिळून पोटापाण्यासाठी चालवतो, त्यामुळे ‘व्यापारी वापर’ म्हणून तक्रार टाळता येईल असे कृपया धरू नये.

परवान्याची मुदत मार्चअखेर संपते. त्याच्या आत तारखा आणि मराठी सुधारली, तर नूतनीकरण करायची आमची तयारी आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
कार्यालय प्रमुख, टेरी टॉवेल व चादर कारखाना,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर