बाबांच्या टाचेसाठी केलेल्या विचाराबद्दल

माननीय डॉक्टर,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात कलमावरचे आंबे उतरवताना फांदी मोडली, माझे वडील सुमारे १२ फुटांवरून थेट पायांवर आदळले आणि त्यांच्या उजव्या टाचेचे हाड फुटले. ज्या दवाखान्यात त्यांना प्रथम नेले, तिथे त्याच रात्री पाय उघडून प्लेट बसवण्याची तयारी सुरू झाली. त्यांना मधुमेह आहे का, ते बिडी ओढतात का, हे कोणी विचारले नाही. आपण मात्र सर्वांत आधी तेच विचारलेत.

त्यानंतर एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीमागे पेनाने टाच काढून आपण आम्हांला दोन छेद दाखवलेत. पहिला इंग्रजी 'एल'सारखा मोठा. त्यात बाहेरच्या बाजूची कातडी जाड पदरासारखी उचलली जाते, हाड पूर्ण दिसते आणि सगळे तुकडे डोळ्यांसमोर जुळवता येतात; पण त्या पदराच्या कोपऱ्याला मुळातच रक्त कमी पोहोचते, त्यामुळे मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्या रुग्णाची कातडी तिथे काळी पडून जखम चिघळण्याची भीती अधिक. दुसरा छेद घोट्याच्या खाली, जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा. त्यातून मुख्य सांधा दिसतो, बाकीचे काम सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर पाहत स्क्रूंनी करायचे. सांध्याचे तीन-चार तुकडे झाले असते तर मोठा छेदच घ्यावा लागला असता, आणि दोन आठवडे उलटून गेल्यास तुकडे चिकटू लागतात म्हणून लहान छेदाने ते हलवणे अवघड जाते, हेही आपण लपवले नाहीत. सीटी स्कॅनमध्ये बाबांच्या सांध्याचे दोनच मोठे तुकडे होते.

शस्त्रक्रिया न करण्याचा पर्यायही आपण मांडलात, याचे मला आजही अप्रूप वाटते. ब्रिटनमध्ये १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, टाच फार बेढब न झालेल्या रुग्णांना मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेमुळे दोन वर्षांनंतर वेगळा लाभ दिसला नाही, उलट गुंतागुंत वाढली, हे आपण आम्हांला समजेल अशा मराठीत सांगितलेत. बाबांची टाच मात्र रुंद होऊन घोट्याच्या हाडाला टेकली होती, म्हणून शस्त्रक्रिया करायची असे ठरले.

तरीही आपण घाई केली नाहीत. रोज सकाळी त्यांचे पाऊल किंचित वर आणि बाहेर वळवून आपण घोट्याखालची ताणलेली, चकचकीत कातडी निरखत होतात. नवव्या दिवशी तिथे बारीक सुरकुत्या उमटल्या आणि आपण म्हणालात, "सूज उतरली, उद्या करू." टाचेचे हाड किती दबले हे एक्स-रेवर मोजून सांगणारा बोहलर कोन निरोगी माणसात २० ते ४० अंशांचा असतो, बाबांचा ६ अंशांवर आला होता, तो शस्त्रक्रियेनंतर २७ झाला. टाके कोरडे निघाले. आईने ती जखम पाहिली तेव्हा "एवढीशीच?" म्हणून ती रडली.

बारा आठवडे पाय टेकवायचा नाही, ही आज्ञा त्यांनी कुरकुरत का होईना, पाळली आणि बिडीही सोडली. खडकाळ वाटेवर पाऊल अजून नीट वळत नाही, पण तो ताठरपणा काही अंशी राहील हे आपण आधीच सांगितले होते, त्यामुळे ते खचले नाहीत. काल ते स्वतः चालत बागेत गेले आणि कलमाखाली बसून आले. ते पाकीट मी जपून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी