घाई न करणाऱ्या सर्जनना

आदरणीय डॉक्टर,

बाबांच्या अंगठ्याची जखम पूर्ण भरली. हे पत्र सर्वांसमोर लिहितेय, कारण गाऊटची, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांध्यांच्या आजाराची, गाठ फुटून जखम झालेल्या इतरांच्याही ते उपयोगी पडावं.

जखमेतून पांढरं येतंय म्हणजे पूच, असं सगळे म्हणत होते. अँटिबायोटिक्सनी फरक पडला नव्हता. तुम्ही त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात. सुईसारखे स्फटिक दिसले. गाठीत साठलेलं युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार, होतं ते. आतून दाब येऊन वरची कातडी पातळ होत गेली आणि फुटली. तरी जंतुसंसर्गही असू शकतो म्हणून जंतू वाढतात का ते पाहायला कल्चर पाठवलंतच. तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नको, अल्कोहोलमध्ये पाठवा, नाहीतर स्फटिक विरघळून जातील, हे तर तुम्ही दारापर्यंत येऊन बजावलंत!

गाठ एकदाची मुळासकट काढा, असा आमचा हट्ट. तुम्ही ऐकलं नाहीत. युरेट कंडरांमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांमध्ये, आणि सांध्याच्या आवरणात शिरलेलं असतं. शेवटचा कण खरवडायला गेलं तर कंडरा दुखावते, कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम वाढते. म्हणून मेलेला भाग आणि सहज सुटेल तेवढा खडूसारखा चुरा काढून, सलाइननं धुऊन जखम उघडीच ठेवलीत. पुन्हा एकदा साफ केल्यावर तळाशी लाल, दाणेदार मांस दिसलं, तेव्हा कुठे मांडीची पातळ कातडी लावलीत. अंगठा वाचला तो या धीरामुळे, असं मला वाटतं.

ऑपरेशनच्या ताणानं गाऊटचा झटका येऊ शकतो हे आधीच सांगितलं होतंत, त्यामुळे दुसरा घोटा सुजला तेव्हा आम्ही गडबडलो नाही. ड्रेसिंगच्या सिस्टरांचेही आभार. चिकटलेली पट्टी त्यांनी कधी ओढून काढली नाही. आधी भिजवायच्या, मग बाबांशी गप्पा मारत सोडवायच्या.

जखम भरली म्हणून युरिक ॲसिड कमी करणारी गोळी बंद करायला बाबा टपलेलेच आहेत. पण रक्तातलं युरिक ॲसिड डेसिलिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिलं तर पुन्हा स्फटिक साठतील आणि गाठी विरघळवायच्या तर ते 5 च्या खाली हवं, हे तुम्ही कागदावर लिहून दिलंत. तो कागद आता औषधांच्या डब्यावर चिकटवलाय. कोपरावरच्या गाठीला चाकू लावायचा नाही, गोळीनंच ती हळूहळू लहान होईल, असं तुम्ही म्हणाला होतात. ती मापून घ्यायला पुढच्या तपासणीला येतोच.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी