इसबाचे मलम हात राखून लावू नका

संपादक महोदय,

लहान मुलांचा तीव्र इसब घरी चिघळतो तो बहुधा मलम हात राखून लावल्यामुळे. आंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटेच. साबण, उटणे, हळद नको. सोललेली त्वचा आणखी चुरचुरते. टॉवेलने टिपा, घासू नका. अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर सढळ हाताने लावा. आठवड्याला २५० ग्रॅमही लागू शकते! डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडचे मलम फक्त लाल चट्ट्यांवर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी मलमाची रेघ मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी निम्मेच लावले तर चट्टा दबतो, जात नाही. दुकानातून परस्पर आणलेले मिश्र मलम (स्टिरॉइडसोबत बुरशीची व जंतूंची औषधे एकत्र असलेले) मात्र कधीच नको. पिवळी खपली, पू किंवा तापासोबत एकसारखे फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

– एक वाचक, नाशिक