जगाची तिजोरी आणि शेजाऱ्यांची भिशी

सोल, १४ डिसेंबर २००८

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. हल्ल्यानंतर मुंबईला आत्याकडचे सगळे सुखरूप असल्याचं फोनवर कळलं होतंच, तरी तुमच्या अक्षरात वाचल्यावर जिवात जीव आला.

तुम्ही लिहिलंत, की हे आर्थिक संकट साऱ्या जगाचं आहे तर सरकारही साऱ्या जगाचं एकच हवं, निदान तिजोरी तरी. वॉशिंग्टनच्या जी-२० बैठकीनंतर हा सूर बराच ऐकू येतो. मला मात्र ते पटत नाही, आणि याला कारण माझ्या घरमालकीणबाई.

इथे १९९७-९८ ला सगळे 'आयएमएफच्या वेळी', म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वेळी, असंच म्हणतात. त्या डिसेंबरात कोरियाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि नाणेनिधीच्या अटींवर सही करावी लागली. निवडणूक तोंडावर होती, तर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांकडूनसुद्धा अटी पाळण्याचं लिहून घेतलं. व्याजदर ३० टक्क्यांच्या घरात गेले, चालत्या कारखान्यांना टाळी लागली. बाईंच्या यजमानांची नोकरी गेली. जानेवारीत देशासाठी सोनं गोळा करायची मोहीम निघाली, तेव्हा बाईंनी मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या अंगठ्या नेऊन दिल्या. इथे त्या दिवशी बाळाला सोन्याची अंगठी देण्याची रीत आहे. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन सोनं दिलं. वॉनमध्ये, म्हणजे इथल्या चलनात, मोबदला मिळाला, पण अंगठ्या वितळल्या त्या वितळल्याच. बाईंनी एक तेवढी मागे ठेवली होती, ती मला दाखवली. माझ्या करंगळीच्या पहिल्या पेरापुढे ती सरकत नाही.

बाबा, जगाची तिजोरी तेव्हाही होतीच की! प्रश्न किल्ली कुणाकडे, हा आहे. नाणेनिधीत अमेरिकेची मतं सुमारे १७ टक्के आणि मोठ्या निर्णयाला लागतात ८५ टक्के, म्हणजे तिनं एकटीनं नाही म्हटलं की विषय संपला. जपाननं सप्टेंबर १९९७ मध्येच १०० अब्ज डॉलरचा वेगळा आशियाई निधी सुचवला होता. अमेरिका आणि नाणेनिधी दोघांनी विरोध केला, चीननंही साथ दिली नाही, आणि तो बारगळला. आपल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९४४ मध्ये नाणेनिधी जिथे ठरला त्या अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले होते. युद्धकाळात लंडनमध्ये साठलेल्या, ब्रिटनकडून येणं असलेल्या भारताच्या पौंडांचा विषय आपल्या शिष्टमंडळानं तिथे मांडला, तर तो ब्रिटन आणि भारताचा आपसातला मामला म्हणून बाजूला सारला गेला. जागतिक सरकार आलं, तरी गरजवंताला दारात उभं करण्याची ही पद्धत बदलेल असं मला वाटत नाही.

म्हणून मला शेजाऱ्यांची व्यवस्था जवळची वाटते. आग्नेय आशियातले देश, चीन, जपान आणि कोरिया यांनी २००० साली थायलंडमधल्या चियांग माईला अडचणीत परस्परांना डॉलर पुरवायचं ठरवलं. पण ही भिशी अजून अर्धवट आहे: ८० टक्के रक्कम नाणेनिधीचा कार्यक्रम मान्य केल्याशिवाय उचलताच येत नाही! त्यामुळे ऑक्टोबरात वॉन कोसळत असताना कोरियानं तिला हात लावला नाही. तेव्हा धीर आला तो अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं वॉनच्या बदल्यात ३० अब्ज डॉलरपर्यंत देण्याची सोय केल्यावर, हेही खरंच. परवा शुक्रवारी कोरियानं जपान आणि चीन या दोघांशीही गरजेला एकमेकांना चलन पुरवण्याचे करार वाढवले, आणि काल तिन्ही देशांचे नेते जपानमध्ये फुकुओकाजवळ भेटले. एके काळी इथे जपानचं राज्य होतं, त्यामुळे जपानचं नाव निघालं की बाईंच्या कपाळाला आठी पडते. तरी ही बातमी त्यांनी शेवटपर्यंत पाहिली.

मला काळजी आपली वाटते. अमेरिकेनं ही सोय कोरियाबरोबर ब्राझील, मेक्सिको आणि सिंगापूरला दिली. त्यात भारत नाही. या भिशीतही नाही. सार्कमध्ये असं काहीच नाही. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं गहाण म्हणून लंडनला गेलं, त्या दिवसांत तुम्ही रोज पेपर घेऊन ओटीवर बसायचात, ते मला आठवतं. आज आपली गंगाजळी भक्कम आहे, पण शेजारी बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ यांच्याशी असं काही उभं करायचं तर ते आताच, हात सैल असताना करायला हवं. एप्रिलअखेरपर्यंत जी-२० पुन्हा भेटणार आहे. तिथे भारतानं नाणेनिधीतली मतं वाढवून मागावीत, आणि तेवढ्यावर थांबू नये.

अप्पूच्या फीचे पैसे या वेळी कमी भरतील. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला साडेनऊशे वॉनही पडत नव्हते, गेल्या महिन्यात १,५०० च्या वर गेले, आणि रुपयातही त्याचा फटका बसतोच. उरलेले जानेवारीच्या पगारातून पाठवते. त्याला परीक्षेचा फॉर्म भरून टाकायला सांगा. आईला नमस्कार. माझं म्हणणं पटलं नाही तर सविस्तर लिहा.

तुमची,
सुमा